आगोटीच्या यादीत स्विमिंग पूलही घ्या: कोकण किनाऱ्यावर पूलची मोटर आणि फिल्टर पावसाळ्यात कसे सांभाळावेत

पोहायच्या पूलच्या पंपाच्या खोक्यात जी पुस्तिका येते तिच्यात हिवाळ्यावर एक मोठं प्रकरण असतं. पाइपांतलं पाणी काढा, पंपाच्या तळाचे प्लग उघडा, फिल्टर रिकामा करा, मोटर घरात नेऊन ठेवा, असं सगळं त्यात असतं. ते बर्फ पडणाऱ्या देशांसाठी लिहिलेलं आहे. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, आणि पंपाच्या पोटात राहिलेलं तांब्याभर पाणीसुद्धा गोठताना पंपाचं अंग फोडतं. आपल्याकडे दापोलीला कधी कडाक्याची थंडी पडली तरी पाणी गोठण्यापासून आपण फार लांब आहोत. म्हणून नवा माणूस ते प्रकरण न वाचताच पुस्तिका कपाटात टाकतो.

ते प्रकरण जरूर वाचा, फक्त जिथे जिथे हिवाळा लिहिलंय तिथे पावसाळा वाचा. जून ते सप्टेंबर हवेत ओल, वाऱ्यात मीठ, जमिनीत तुडुंब पाणी आणि विजेचा भरवसा नाही, हा आपल्या यंत्रणेचा कठीण काळ. मोटर आणि फिल्टर सांभाळायची त्यांची बरीचशी रीत आपल्याला जशीच्या तशी चालते. जे बिघडतं ते बर्फाने न फुटता गंजून, जाम होऊन किंवा बुडून बिघडतं, एवढाच फरक.

गुहागर तालुक्यात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आमचं होमस्टे आहे. गेल्या काही वर्षांत आजूबाजूच्या वाड्यांमध्ये बरेच छोटे पूल झाले, आणि दर ऑक्टोबरात कोणी ना कोणी जळलेली मोटर घेऊन रिवाइंडिंगवाल्याच्या दारात उभं असतं. त्यातले बहुतेक खर्च मे महिन्यातल्या दोन दिवसांच्या कामाने वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कधी करायचं

घरात आगोटीचं काम जेव्हा सुरू होतं, म्हणजे कौलं शाकारायची, लाकडं आत घ्यायची, मसाले-पापड डब्यात भरायचे, तेव्हाच पूलचंही करायचं. मृग ७-८ जूनला लागतो आणि साधारण त्याच सुमाराला पाऊस येतो, या हिशेबावर आता विसंबू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात पोचला होता. तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या मे महिन्यात आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, आणि निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

अडचण अशी की मे महिन्याचा शेवटचा आठवडा हाच पाहुण्यांच्या गर्दीचा. म्हणून काम दोन टप्प्यांत करा. पूल चालू असताना जे जमतं (चर काढणं, पंपघराचं छप्पर, विजेची पेटी, झावळ्या उतरवणं) ते १५ मेपर्यंत उरका. मोटर काढणं, फिल्टर बंद करणं हे शेवटचे पाहुणे गेले की त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसावर टाकलं की राहतंच.

पहिली गोष्ट: पूल रिकामा करू नका

नव्या माणसाला वाटतं, चार महिने वापरायचा नाही तर पाणी कशाला ठेवायचं? डास होतील, शेवाळ धरेल, त्यापेक्षा उपसून कोरडा ठेवू. ऐकायला बरोबर वाटतं, पण आपल्या किनाऱ्यावर पूलचं याहून मोठं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

पावसाळ्यात विहिरीकडे बघा. मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी जुलैत हाताने घेता येईल इतकं वर येतं. जे विहिरीत दिसतं तेच तुमच्या पूलच्या खाली आणि चारही बाजूंनी जमिनीत असतं. जांभा पाणी पितो आणि समुद्राजवळच्या पुळणीत तर पाणी दोन-चार फुटांवरच लागतं. भरलेल्या पूलचं पाणी आतून दाब देतं म्हणून बाहेरच्या पाण्याला जोर करता येत नाही. आतलं पाणी काढलंत की पूल म्हणजे जमिनीतल्या पाण्यावर ठेवलेलं रिकामं घमेलं.

हिशेब करून बघा. ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पूलचा तळ १८ चौरस मीटर. जमिनीतलं पाणी त्या तळापासून फक्त ३० सेंटिमीटर वर आलं तरी खालून ५.४ टनांचा रेटा बसतो. त्या मापाच्या फायबरच्या पूलचं स्वतःचं वजन जेमतेम टनभर.

माझ्या मावसभावाने पहिल्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला त्याचा फायबरचा पूल उपसला, धुतला, पुसला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, "दादा, जरा येऊन जा." मी गेलो तर पूलचा काठ बाजूच्या फरशीपासून चार बोटं वर आला होता. एका कोपऱ्यात तर पंजा आत जाईल एवढी फट, आणि त्या फटीत खाली काळसर पाणी हलताना दिसत होतं. तळाच्या जाळीला जोडलेला पाइप वर ओढला जाऊन सांध्यात तुटला होता. पूल पुन्हा खाली बसवता आला नाही. खालची वाळू सरकलेली, त्यामुळे सगळं उकरून नव्याने बसवावा लागला. सिमेंटचा पूल वजनदार, तो सहसा उचलला जात नाही, पण त्याच्या टाइल फुगून सुटतात आणि तळाला तडे जातात.

तेव्हा पाणी ठेवायचंच. काठापासून साधारण वीतभर खाली पातळी ठेवून पावसाळ्यात शिरा. टाइलची दुरुस्ती, रंग, तळ धुणं यासाठी पूल रिकामा करायचाच असेल तर तो मार्च-एप्रिलमध्ये करा, विहीर खाली गेलेली असताना.

येणाऱ्या पाण्याला वाट

८ बाय ४ मीटरचा पूल धरा, सरासरी खोली १.४ मीटर. त्यात साधारण ४५ हजार लिटर पाणी. आपल्याकडे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे नुसतं आभाळातून थेट पूलमध्ये सुमारे ९६ हजार लिटर पडणार. पूल दोनदा भरेल इतकं. हवामान खातं चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पडलेला पाऊस सर्वांत वरच्या वर्गात धरतं. तसा एक दिवस आला की पातळी जवळजवळ वीतभर चढते.

म्हणून पूलच्या काठाखाली जो जास्तीचं पाणी जाण्याचा पाइप असतो तो मे महिन्यातच उघडून बघा. पाइपाने पाणी सोडून ते दुसऱ्या टोकाला खरोखर बाहेर येतंय का ते डोळ्यांनी बघा. त्याच्या तोंडाला जाळी बसवा, पण बारीक नको. सुरूची पानं बारीक जाळीवर गादीसारखी बसतात आणि वाट बंद होते. असा पाइपच बांधलेला नसेल तर गवंड्याकडून पावसाआधी करून घ्या. एवढं एकच काम पैसे खर्चून करायची ऐपत असेल, तर हे करा.

डोंगरउताराच्या बाजूने येणारं पाणी वेगळं. ते लाल माती घेऊन येतं, आणि ती माती एकदा वाळूच्या फिल्टरमध्ये गेली की धुता धुता नाकी नऊ येतात. वरच्या अंगाला हातभर खोल चर खणून पाणी पऱ्ह्याकडे वळवा. भाताच्या खाचरात किंवा शेजाऱ्याच्या विहिरीकडे वळवू नका. एरवी पूलचं फिल्टर धुतल्याचं पाणीसुद्धा पोफळीच्या मुळाशी सोडू नये, त्यात क्लोरिन असतं.

पंप कुठे बसवलाय?

पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं.

पंप जमिनीच्या वर, फूटभर चौथऱ्यावर आणि पक्क्या छपराखाली असेल तर तो काढू नका. वीज असेल तेव्हा रोज दोन-तीन तास चालवा. चालती मोटर स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते, आणि पाणीही फिरतं राहतं.

पंप खड्ड्यात असेल तर मे महिन्याअखेर तो काढा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पूलच्या बाजूला चार-पाच फुटी खड्डा करून त्यात पंप आणि फिल्टर बसवतात, वर लादी किंवा पत्रा. पूलच्या पातळीखाली पंप असला की पाणी आपोआप पंपात येतं, हवा धरत नाही. बाकीचे आठ महिने ही सोय उत्तम आहे. पावसाळ्यात तोच खड्डा विहीर होतो.

आमचा पंप असाच होता. ज्याने पूल बांधून दिला त्याने सांगितलं होतं की खड्ड्यात पाणी उपसायला छोटी मोटर बसवलीय, पाणी चढलं की ती आपोआप सुरू होते, काळजी नाही. जुलैतल्या एका रात्री नऊ वाजता वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. उपसणारी मोटर विजेवरच चालणार, ती कशी सुरू होणार? सकाळी झाकण उचललं तर फिल्टरचं डोकं तेवढं पाण्याच्या वर. पंप दिसतच नव्हता. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने पाणी उपसलं, आणि वीज आल्याबरोबर मोटर चालतेय का ते बघायला त्याने बटण दाबलं. एक घरघर, मग जळक्या वार्निशचा वास. त्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं.

मोटर काढायची रीत

हे दोघांनी करावं. तासाभराचं काम आहे.

आधी मेन स्विच बंद करा आणि त्यावर चिकटपट्टी लावून 'काम चालू' असं लिहा. नुसतं स्टार्टरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. वायर सोडवायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करा. तो हात घालायच्या आधी मोबाइलवर जोडणीचा फोटो काढून ठेवा, कुठल्या रंगाची वायर कुठल्या स्क्रूला आहे ते नीट दिसेल असा. ऑक्टोबरात दुसराच वायरमन आला तर हा फोटो हजार रुपयांचं काम करतो.

पूलकडून पंपाकडे येणारे आणि पंपाकडून फिल्टरकडे जाणारे, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. पंप पूलच्या पातळीखाली आहे हे विसरून झाकण उघडलंत तर सगळा पूल खड्ड्यात यायला लागेल. मग पंपाचं पारदर्शक झाकण उघडून आतली कचऱ्याची बास्केट बाहेर काढा. पंपाच्या तळाशी छोटे प्लग असतात, बहुतेक पंपांना दोन: एक बास्केटच्या भांड्याखाली, एक पंख्याच्या भागाखाली. दोन्ही उघडा आणि पाणी पूर्ण जाऊ द्या. हे प्लग त्याच बास्केटमध्ये टाकून बास्केट पंपात परत ठेवा. खिशात टाकलेले प्लग कपड्यांबरोबर धुतले जातात आणि ऑक्टोबरात अर्धा दिवस त्यांना शोधण्यात जातो.

आता दोन्ही बाजूंचे युनियन, म्हणजे पंप आणि पाइप जोडणारे आट्यांचे सांधे, हाताने सैल करा. हाताने नाही फिरले तर पट्ट्याचा पाना वापरा. लोखंडी पान्याने पीव्हीसीचे आटे तुटतात. युनियनमधली रबरी ओ-रिंग काढून पुसा आणि तिला सिलिकॉन ग्रीस लावून डबीत ठेवा. साधं ग्रीस किंवा खोबरेल नको, त्याने रबर फुगतं आणि सैल पडतं. उघड्या पाइपांच्या तोंडाला एंड कॅप लावा. नुसतं फडकं कोंबलंत तर खेकडे ते ओढून आत जातात. आमच्याकडे एका वर्षी पंप सुरू केल्यावर बास्केटमध्ये मेलेल्या बेडकांचा लगदा आला होता.

पंप वर आणलात की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने बाहेरून पुसून घ्या, मीठ निघालं पाहिजे. मग दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा. ठेवायची जागा म्हणजे पडवीच्या आतली खोली किंवा माळा, फळीवर, भुईला टेकवून नाही. वरून जुनं सुती धोतर किंवा चादर झाका. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका. आत ओल कोंडते, आणि उघड्यावर ठेवलेल्या मोटरीपेक्षा प्लॅस्टिकात गुंडाळलेली मोटर लवकर गंजते, हे मी स्वतः पाहिलंय. आणि जिथे क्लोरिनचे डबे आहेत त्या खोलीत तर कधीच ठेवू नका.

शेवटचं, जे सगळे विसरतात: दर पंधरा दिवसांनी मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, हाताने चार-पाच वेढे फिरवा. मागच्या पंख्याच्या बाजूने फिरतो. चार महिने न हललेला शाफ्ट जाम होतो, सील चिकटतं, आणि ऑक्टोबरात बटण दाबल्यावर मोटर नुसती हुंकार देत तापत राहते. आम्ही एकादशीला फिरवतो, म्हणजे तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

फिल्टर

मोटर काढायच्या आधी फिल्टर उलटा धुऊन घ्या, म्हणजे वाळूतून पाणी उलट्या दिशेने सोडून, व्हॉल्व्हवरच्या काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग मिनिटभर रिन्स, म्हणजे सरळ दिशेने धुणं. एरवी हे कधी करायचं ते दाबाच्या काट्यावरून कळतं. स्वच्छ असताना काटा जिथे असतो त्याच्या ८ ते १० पीएसआय (दाबाचं माप) वर गेला की धुवायचा. पण बंद करण्याआधी काटा कुठेही असो, धुवायचाच. मळकी वाळू चार महिने ओली कोंडून राहिली तर तिचे गठ्ठे होतात आणि ऑक्टोबरात घाण वास येतो.

धुऊन झालं, पंप बंद केला, की फिल्टरच्या तळाचा प्लग उघडून पाणी निथळू द्या. वाळू काढायची गरज नाही. उलट तिच्या वजनानेच फिल्टर खड्ड्यातल्या पाण्यात तरंगत नाही. वरच्या सहा खुणांच्या व्हॉल्व्हचं हँडल दाबून दोन खुणांच्या मधोमध ठेवा. त्यामुळे आतलं गास्केट चार महिने एकाच ठिकाणी दाबलं जात नाही. हे हँडल पंप चालू असताना कधीही फिरवू नका. दाबाचा काटा काढून घरात आणा, तो खाऱ्या हवेत सर्वांत आधी अडकतो.

पाणी आणि औषधं

पूल झोपवण्याआधी पाणी नीट करा. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) ७.२ ते ७.६, क्लोरिन ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत तीन भाग) आसपास. तपासणीची पेटी नसेल तर आधी ती घ्या. पुढे पाऊस पाण्याला पातळ करत जातो, क्लोरिनही जातं आणि पीएच स्थिर ठेवणारी क्षारताही. क्षारता ८० ते १२० पीपीएममध्ये असावी. घसरली तर खायचा सोडा घाला, ४५ हजार लिटरला पाऊण किलो घातला की ती साधारण १० पीपीएमने वाढते. पंप काढलेला असेल तर आठवड्यातून दोनदा क्लोरिन बादलीत पातळ करून पूलभर शिंपडा आणि लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासा. डासांना अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पंधरवड्याने एकदा चालणार नाही.

आता एक धोक्याची गोष्ट. ग्रामपंचायत विहिरीत टाकायला जी पावडर देते तिला सगळे टीसीएल म्हणतात. ती ब्लीचिंग पावडर. पूलसाठी दुकानातून जी आणता ती बहुधा टीसीसीए, क्लोरिनचंच पण वेगळं रसायन. नावं इतकी सारखी की दोन्ही एकच समजून एका डब्यात ओतली जातात. तसं कधीही करू नका. ही दोन्ही एकत्र आली आणि त्यात थोडी ओल मिळाली की विषारी वायू निघतो, आगही लागते. डबे वेगळे, मापाचे चमचे वेगळे, शक्य तर खोल्याही वेगळ्या. पीएच उतरवायचं आम्ल तर दोघांपासूनही लांब. सगळं फळीवर, झाकण घट्ट, मुलांच्या हाताबाहेर. आम्ल पातळ करताना ते पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात ओतायचं नाही.

वीज

यंत्रणेचा दुसरा शत्रू आभाळातला. मे-जूनचे वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, हे दोन काळ गडगडाटाचे. जुलैत धो धो पडतो पण विजा कमी. म्हणून मोटर जूनच्या आधी काढणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती सप्टेंबरात घाईने परत न लावणंही.

पेटी माणसाच्या छातीच्या उंचीवर, पावसाची झड येणार नाही अशा भिंतीवर हवी. वायर पेटीत खालून शिरावी, आणि शिरण्याआधी खाली एक झोळ सोडलेला असावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला ठिबकतं, पेटीत जात नाही. न वापरलेली भोकं बुजवा. पालीने आत शिरून स्टार्टर उडवणं हे आपल्याकडे नेहमीचं आहे, मुंग्या तर संपर्काच्या पट्ट्यांवर घरच करतात.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन आपोआप तोडणारा स्विच, पूलच्या लाइनवर असायलाच हवी. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर ती बदलेपर्यंत पूलच्या लाइनला वीज देऊ नका. यात मी कोणाचंही ऐकून घेत नाही, कारण इथे मोटरीचा प्रश्न नाही, पाण्यात उतरणाऱ्या लेकरांचा आहे. अर्थिंगचा खड्डा वायरमनकडून मे महिन्यात तपासून घ्या. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच असावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर खड्ड्यात नसावा. तीन फेजची मोटर असेल तर एक फेज गेल्यावर ती बंद करणारं उपकरण लावा, आपल्याकडे एक फेज जाणं नवीन नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनवर घ्या, जवळपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवतं. इशारा आला की पाहुण्यांना पाण्यातून बाहेर काढायचं आणि पूलचा मेन स्विच खाली.

शिडी, जाळी, माड

स्टीलची शिडी काढून गोड्या पाण्याने धुवा, पुसा, आत ठेवा. 'स्टेनलेस' म्हणून दिलेलं ३०४ दर्जाचं स्टील खाऱ्या वाऱ्यात तांबूस पडतंच. नवीन घेणार असाल तर ३१६ मागा.

पूलवर निळी ताडपत्री ताणून चारी बाजूंना चिरे ठेवायची पद्धत मला मान्य नाही. वारा सुटला की ती शिडासारखी फुगते आणि चिऱ्यांसकट पाण्यात पडते. त्याहून वाईट म्हणजे तिच्यावर पाणी साचतं आणि वरून ती भुईसारखी दिसते. लहान मूल किंवा वासरू त्यावर पाय ठेवतं. त्यापेक्षा पूलला कुंपण आणि कडी असलेलं फाटक करा, आणि पानांसाठी घट्ट ताणलेली जाळी. पंपघरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या पाडेकऱ्याकडून आधीच उतरवून घ्या. एक झावळ पत्रा फोडायला पुरते.

पावसात, आणि बुडालीच तर

तुम्ही मुंबई-पुण्यात आणि घर सांभाळणारे काका इथे, असं असेल तर वरचं सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पंपघराच्या दारामागे लावा. दर रविवारी त्यांच्याकडून तीन फोटो मागा: पूलची पातळी, जादा पाण्याच्या पाइपाचं तोंड, खड्ड्याचा तळ. फोनवरच्या "सगळं बरोबर आहे"पेक्षा तीन फोटो बरे.

सगळी काळजी घेऊनही मोटर बुडाली तर एकच नियम: बटण दाबायचं नाही. मेन स्विच पाडा, मोटर बाहेर काढा. खारं किंवा गढूळ पाणी शिरलं असेल तर मिस्त्रीकडून उघडून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. मग उन्हात, आणि ऊन नसेल तर बाजूला साधा पिवळा बल्ब लावून, दोन-तीन दिवस सुकवा. बल्ब टेकवायचा नाही, वीतभर लांब. त्यानंतर वायरमनकडून मेगर, म्हणजे तारांवरचं इन्सुलेशन टिकलंय का ते मोजणारं यंत्र, लावून बघा. वाइंडिंग (मोटरच्या आतल्या तारांचे वेढे) आणि बॉडीमध्ये १ मेगओहमच्या वर दाखवलं तरच वीज द्यायची, कमी दाखवलं तर अजून सुकवायची. आम्ही हे दुसऱ्या वर्षी एका शेजाऱ्याच्या मोटरीवर केलं. तिसऱ्या दिवशी काटा सरकला, आणि ती मोटर आजही चालू आहे. बेअरिंग मात्र लगेच बदलून घ्यावे लागले.

परत सुरू करताना

गणपतीला चाकरमानी येतात, पोरं पूलभोवती घिरट्या घालतात, आणि भाद्रपदातच सगळं जोडायचा मोह होतो. पंप खड्ड्यात असेल तर थांबा. परतीचा पाऊस सरला, विहिरीचं पाणी उतरायला लागलं आणि खड्ड्याचा तळ सलग आठवडाभर कोरडा राहिला, की मगच मोटर खाली न्या.

शाफ्ट हाताने फिरवून बघा. मेगर लावा. प्लग बास्केटमधून काढून जागच्या जागी बसवा, ओ-रिंग पुन्हा सिलिकॉनने ओल्या करा, पंपाचं भांडं पाण्याने काठोकाठ भरा, झाकण लावा, व्हॉल्व्ह उघडा. पहिली पाच मिनिटं फिल्टरच्या व्हॉल्व्हचं हँडल 'वेस्ट'वर ठेवून पाइपांतलं चार महिन्यांचं पाणी बाहेर जाऊ द्या, मग उलटी धुलाई, मग रिन्स, मग 'फिल्टर'. प्रत्येक वेळी पंप बंद करूनच हँडल फिरवा. सगळे सांधे कोरड्या बोटाने चाचपा, ठिबक डोळ्यांआधी बोटाला कळते. दाबाचा काटा लावून स्वच्छ फिल्टरचा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढचं वर्षभर तुम्ही त्याच्याशीच तुलना करणार आहात.

पाणी हिरवट असेल तर क्लोरिन वाढवून पंप दिवसभर चालवा आणि तळ दिसेपर्यंत कोणालाही उतरू देऊ नका. खोल बाजूला एक नाणं टाका. काठावर उभं राहून ते छापा आहे की काटा हे सांगता आलं, आणि क्लोरिन परत ३ पीपीएमच्या खाली आलं, की फाटकाची कडी काढा.